काळ्या मातीत सावलीची बाग: उत्तरेकडचा पट्टा आणि आंब्याखालची जागा

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात घराजवळ दोन जागा रिकाम्या आहेत, दोन्ही सावलीच्या.

पहिली घराच्या उत्तरेला. भिंत आणि कंपाउंडच्या मधे साडेपाच फुटी पट्टा, लांबी १० फूट. माती काळी, वरच्या वीतभर थरात बांधकामाचा राडारोडा मिसळलेला. जुलैत पाणी दोन-दोन दिवस हलत नाही आणि एप्रिलमध्ये बोट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसरी जागा जुन्या पायरी आंब्याखाली. तिथं गवतसुद्धा धरत नाही.

दर हंगामाला रोपं बदलायची नाहीत. एकदा लावली की काही वर्षं टिकतील अशी बहुवर्षायू झाडं हवीत, थोडी तरी फुलं देणारी. नर्सरीत सांगतात, "खाली खडी घाला, वर लाल माती टाका, वाळू मिसळा, झालं." हे बरोबर आहे का? आणि परदेशी व्हिडिओंत सावलीसाठी सगळीकडे होस्टा दाखवतात, तो आपल्याकडे येईल का? घरात लहान मूल आणि कुत्रा आहे, तेही सांगून ठेवतो.

वापसा

आधी पाण्याला वाट, मग झाडं. सावलीत झाड गेलं की आपण उजेडाला दोष देतो. काळ्या मातीत ते बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टमध्ये मुळं कुजून गेलेलं असतं. उघड्यावरच्या वाफ्यातली ओल ऊन आणि झाड दोघं मिळून ओढतात. सावलीत दोन्ही कामं संथ चालतात, त्यामुळं तीच माती कितीतरी जास्त दिवस चिंब राहते. वरनं हिरवं दिसणारं रोप खाली बुडाशी मऊ पडलेलं असतं.

म्हणून पहिल्यांदा फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा काढा. पाण्यानं भरा, सगळं जिरू द्या. मग पुन्हा भरा, काठावर आडवी काठी ठेवा आणि दर तासाला पट्टीनं पातळी मोजा. दुसऱ्यांदा भरल्यावर येईल तोच आकडा धरायचा, पहिलं पाणी भेगांतनं पळून जातं आणि फसवतं. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर जमिनीतच लावा. एक ते अडीच असेल तर गादीवाफा, म्हणजे जमिनीच्या वर भर घालून उंच केलेला वाफा. एकाच्या आत असेल तर गादीवाफा आणि पाणी बाहेर काढणारी चर, दोन्ही.

दुसरी चाचणी चुनखडीची. वाळलेल्या मातीची चिमूट बशीत घ्या, वर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. तुमच्याकडं राडारोडा आहे, म्हणून सिमेंटचे आणि गिलाव्याचे खडे आधी चाळून काढा, नाहीतर ते फसफसतील आणि नाव मातीचं होईल. नेमका सामू (पीएच) हवा असेल तर कृषी खात्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत नमुना द्या. पाच-सहा जागची माती वीतभर खोलीवरनं घ्यायची, मिसळायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो द्यायची.

आता नर्सरीचा सल्ला. खाली खडी घालून काही होत नाही. खड्ड्याच्या चारी बाजू आणि तळ काळ्या चिकणमातीचाच असेल तर पाणी खडीतनं जाणार कुठं? तो नुसता हौद होतो. भुसभुशीत लाल माती काळ्या खड्ड्यात भरली तरी तेच, उलट आजूबाजूचं पाणी तिथं गोळा होतं. वाळू चिकणमातीत निम्म्याहून जास्त पडली तरच फरक करते. चार पाट्या टाकल्या तर वाळूच्या कणांभोवती चिकणमाती बसते आणि उन्हाळ्यात त्याची वीट होते. लाल माती चांगली आहे, पण ती जमिनीच्या वर चढवायची, खड्ड्यात नाही.

जिप्समही कुणीतरी सुचवेलच. ते चोपण जमिनीचं औषध आहे, शिरोळकडच्या क्षारपड रानासाठी. मातीत सोडियम जास्त असल्याचं चाचणीत आलं तरच वापरा. साध्या चुनखडीच्या मातीत जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, शब्दशः.

गादीवाफ्याचं मोजमाप सांगतो. भिंतीपासून दीड फूट जागा मोकळी सोडा. पाया धरून वाळवीचं औषध मारलेलं असतं, शिवाय भिंतीला ओल लागते. उरला १० बाय ४ फुटांचा वाफा. नऊ इंच उंची धरली तर ३० घनफूट होतात. भर खाली बसतेच, म्हणून ३६ घनफूट धरा: लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा १८, पूर्ण कुजलेलं शेणखत ९, उरलेल्या ९ मध्ये बारीक मुरूम ६ आणि भाताचं जळकं तूस ३. घमेल्याच्या हिशेबात ४५, २२, १५ आणि ७ पडतात, थोडं इकडंतिकडं चालतं. माती ब्रासवर मिळते, पण एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली मागवलीत तर निम्म्याहून जास्त दारात पडून राहील. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांनी १५ पोती आणली की काम भागतं. त्यात निंबोळी पेंड पाऊण किलो आणि ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) १०० ग्रॅम. ट्रायकोडर्मा आधी पाच-सहा किलो ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा, मग टाका. कोरड्या मातीवर पुडी उधळून फायदा नाही.

हाडांचा चुरा टाकू नका. त्यातला स्फुरद आम्ल मातीत सुटतो, चुनखडीच्या मातीत तसाच पडून राहतो. वर कुत्रा वासानं सगळा वाफा उकरून ठेवेल ते वेगळंच.

भर टाकण्याआधी मूळची काळी माती सहा इंच मोकळी करून घ्यायची, आणि ती वापशावरच, म्हणजे माती ना चिंब ना कोरडी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा, अंगठ्यानं टिचकी द्या. भुगा झाला तर खणा. बोटांत वळून तिची पट्टी निघत असेल तर थांबा, ओली काळी माती खणली की ढेकळं वाळून दगड होतात आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत फुटत नाहीत. कुदळ टणकन उडत असेल तर आज पाणी सोडा आणि चार-पाच दिवसांनी खणा. लाल माती ओतल्यावर तिचा पहिला तीन-चार इंचांचा थर खालच्या काळ्या मातीत खुरप्यानं कालवून घ्या. दोन मातींमधे सरळ रेघ राहिली की पाणी त्या रेघेवर अडतं.

पागोळी

वापसांनी मातीचं सांगितलंय, मी उजेडाचं सांगते.

उत्तरेची बाजू म्हणजे कायम सावली, हे आपल्या अक्षांशावर खरं नाही. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडं सरकून उगवतो आणि तसाच पश्चिमेच्या उत्तरेकडं मावळतो. मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस असतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेकडं असतो. जून-जुलैत ढग असतात, म्हणून ते जाणवत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र तुमच्या त्याच 'सावलीच्या' पट्ट्यात सकाळचं कोवळं ऊन येतं आणि चारनंतरचं तिरपं कडक ऊनही. दहा महिने छान वाढलेलं कॅलेथिया मेमध्ये कडेनं कागदासारखं वाळतं ते त्यामुळं. उपाय सोपा: पट्ट्याच्या पश्चिम टोकाला ५० टक्क्यांची हिरवी जाळी १ एप्रिलपासून पहिला वळीव होईपर्यंत उभी बांधा. वरनं नको, बाजूनं. ऊन तिकडनं येतं.

उलट ऑक्टोबर ते फेब्रुवारी तिथं थेट ऊन अजिबात नसतं. त्या दिवसांत रोजचं पाणी बंद करा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या.

सावली किती दाट आहे ते बघायला दुपारी बारा वाजता जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा ठळक असतील तर फुलझाडं चालतील. हाताचा आकार नुसता ओळखू येत असेल तर पानांची झाडं. सावली पडतच नसेल तर तिथं जमिनीत लावायच्या फंदात न पडता कुंड्या ठेवा आणि दर पंधरवड्याला उजेडातल्या कुंड्यांशी अदलाबदल करा.

आणखी एक. छज्जाच्या पागोळ्या वाफ्यावर पडतात का, पावसाळ्याआधी बघून घ्या. एका रेषेत पडणारं पाणी गादीवाफ्याची माती महिन्याभरात खोदून काढतं आणि चिखल उडून पानांच्या खालच्या बाजूला बुरशी बसते. पन्हळ बसवा, नाहीतर त्या रेषेवर विटांचे तुकडे पसरा.

रानहळद

होस्टा विसरा. त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे पाच अंशांच्या आसपास थंडी लागते, तेव्हा तो झोपतो आणि मग वसंतात उठतो. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटे पारा १४-१५ पर्यंत येतो, तेवढ्यानं त्याची झोप होत नाही. एक हंगाम दिसतो, पुढं बारीक होत जातो. ॲस्टिल्बे, ह्युकेरा यांचंही तेच. होस्टासारखी रुंद पानं हवीत तर युकॅरिस लिली बघा, दाट सावलीत पांढरी फुलं देते. पण कुत्रा कंद उकरणारा असेल तर नको, लिलींचे कंद विषारी असतात. त्याच कारणानं फुटबॉल लिली आणि स्पायडर लिलीही तुमच्याकडं कंपाउंडच्या बाहेरच्या बाजूला बऱ्या.

मूल आणि कुत्रा आहे म्हणालात म्हणून डिफेनबेकिया आधीच यादीतून काढा. पान चावलं की जीभ-घसा सुजतो. ॲग्लोनिमा, सिंगोनियम, पीस लिली, कॅलेडियम आणि मनी प्लांटमध्येही तेच सुईसारखे स्फटिक असतात. नर्सरीत सावलीची म्हणून पहिल्यांदा हीच झाडं पुढं करतात.

उत्तरेच्या पट्ट्यात माझी मांडणी अशी राहील. पूर्वेकडच्या टोकाला, जिथं सकाळचं ऊन पोचतं तिथं सोनटक्का. दोन-दोन फुटांवर तीन गड्डे, दोन-तीन इंच खोल, आडवे, डोळा वर. पाणी थोडं थांबलेलं चालतं असं सावलीतलं हे एकच फुलझाड माझ्या मते खात्रीचं आहे. पण उजेड अगदीच कमी पडला तर नुसती पानं वाढतात. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापायचा, तो पुन्हा फुलत नाही आणि गर्दी मात्र करतो. तीनेक वर्षांनी गड्डे उपसून विभागा.

त्याच्या शेजारी अबोली, सव्वा फुटावर चार-पाच. तिला सकाळचं तीन-चार तास ऊन पुरतं. तिची दोन दुखणी आहेत: पाणी साचलं की मर रोग, आणि मुळांवर सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक जंत). निंबोळी पेंड त्यासाठीच, जून आणि ऑक्टोबरमध्ये झाडाला ५० ग्रॅम. चुनखडीच्या मातीत तिची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता. खाली हिराकस (फेरस सल्फेट) टाकून उपयोग नाही, चुना त्याला लगेच बांधून ठेवतो. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. जमिनीतूनच द्यायचं तर चिलेटेड लोह घेताना डबीवर ईडीडीएचए बघून घ्या. स्वस्तात मिळतं ते ईडीटीए, ते चुनखडीत टिकत नाही.

मधल्या भागात नेफ्रोलेपिस फर्न दीड-दीड फुटावर आणि भिंतीकडच्या बाजूला एखादा राफिस पाम. पुढच्या कडेला स्पायडर प्लांट फुटाफुटावर दहा. ही तिन्ही मुला-कुत्र्याला निर्धोक. फर्न जमिनीखालून धावते पाय सोडतं, दोन वर्षांत अबोलीत घुसेल. मधे शहाबादी फरशीचा तुकडा सहा इंच आत उभा गाडा.

फर्नच्या मधल्या मोकळ्या जागेत भुईचाफ्याचे कंद लावा. एप्रिल-मेमध्ये पान नसताना थेट मातीतनं फूल येतं, मग पावसाळाभर पानं, नोव्हेंबरच्या सुमारास सगळं गायब. लोक मेलं समजून तिथंच दुसरं काही लावतात आणि खुरप्यानं कंद कापतात. म्हणून शेजारी काठी रोवून ठेवा आणि झोपलेल्या महिन्यांत त्या ठिकाणी पाणी अगदी कमी द्या. कंद नर्सरीतून किंवा कुणाच्या बागेतून घ्या. दाजीपूर-राधानगरीला फिरायला गेल्यावर रानहळद आणि असले कंद उपसून आणणारे पुष्कळ आहेत. तो अभयारण्याचा भाग आहे, कायद्यानंही चालत नाही आणि जंगलातली जागाही मोकळी होते.

लावणी कधी? कंद मेच्या शेवटी, बाकी रोपं जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. जुलैच्या झडीत लावू नका. जून चुकला तर सरळ सप्टेंबरअखेर.

मोहोर

आंब्याखालचं गणित पूर्ण वेगळं आहे, वरची यादी तिथं तशीच उचलू नका. उत्तरेला ओली सावली आहे, आंब्याखाली कोरडी. हलका पाऊस पानांवरच अडतो, जो खाली येतो तो आंब्याची वरची मुळं पिऊन टाकतात.

तिथं गादीवाफा करायचा नाही. मुळांवर एकदम फूटभर भर घातली की त्यांना हवा मिळत नाही, झाड दोन-तीन वर्षांत शेंड्याकडनं वाळायला लागतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. दीड-दोन इंच शेणखत पसरा, बस्स. खोडापासून दोन फूट तर काहीच नको, बुंध्याला माती लागली की साल कुजते. मुळांच्या मधल्या जागा बघून हातानं खड्डे घ्या. अंगठ्याएवढं किंवा जाड मूळ लागलं की खड्डा बाजूला सरकवा.

आता खरी मेख. आंब्याला मोहोर यायला ऑक्टोबरपासून जमिनीचा ताण लागतो. खाली नाजूक झाडं लावून तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरात रोज पाणी मारलंत तर आंब्याला पालवी फुटेल आणि मोहोर कमी येईल. म्हणून तिथं अशीच झाडं हवीत जी पावसाळ्यानंतर मोहोर निघेपर्यंत आठवड्याला एका हलक्या पाण्यावर तगतील. स्पायडर प्लांट सगळ्यात उत्तम, त्याच्या मुळ्या जाड, पाणी साठवणाऱ्या असतात. सर्पपर्णी (स्नेक प्लांट) आणि झेडझेड प्लांटही टिकतात, पण ती चावली तर कुत्र्याला उलट्या होतात, तेवढी आतल्या बाजूला लावा.

फर्न आंब्याखाली नकोच. पाण्याचं कारण आहेच, दुसरं असं की मोहोराच्या वेळी तुडतुड्यांचा चिकटा खाली गळतो आणि पानांवर काळी काजळी धरते. सर्पपर्णीचं गुळगुळीत पान ओल्या फडक्यानं पुसता येतं. फर्नचं कसं पुसणार?

उजेड वाढवायचा तर आंबे उतरल्यावर खालच्या बारीक फांद्या सात-आठ फुटांपर्यंत काढा. मोठी फांदी उतरवायची असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा.

पडलेली पानं झाडून जाळू नका. तुडवून, चुरून तिथंच पसरा. उसाचं पाचटही चालेल, तीन इंच, पण वरच पसरायचं. मातीत गाडलं तर कुजताना नत्र ओढून घेतं आणि वरची झाडं पिवळी पडतात.

फुलेवाडीकर

सगळ्यांचे आभार. खड्डा घेऊन बघितला. दुसऱ्यांदा भरल्यावर तासाला जेमतेम ०.८ सेंमी. खडे चाळून काढल्यावरही व्हिनेगर चांगलंच फसफसलं. चर कुठून कुठे काढू? आणि साखर कारखान्याची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरलेली मळी) ओळखीनं फुकट मिळतेय, शेणखताऐवजी ती चालेल का?

वापसा

०.८ म्हणजे चर लागणारच. वाफ्याच्या आणि भिंतीच्या मधे जी दीड फूट जागा सोडायची आहे, तिथं नको. तिथं पाणी खेळवलं की पायाशी ओल येईल. कंपाउंडच्या बाजूनं वाफ्याला लागून नऊ इंच रुंद, फूटभर खोल चर काढा, १० फुटांना दोन इंच उतार द्या आणि तोंड गटारीला किंवा अंगणाच्या खालच्या टोकाला सोडा. त्यात विटांचे रोडे भरा. इथं रोड्यांचा उपयोग आहे, कारण पाण्याला बाहेर पडायला तोंड आहे. चरीसाठी वाफा सव्वातीन फुटांवर आणावा लागेल, भरही त्या प्रमाणात कमी होईल. भिंतीकडची दीड फुटी पट्टी वाफ्याकडं किंचित उतरती करून फरशी टाका. वाफ्याची कड विटांची किंवा चिऱ्यांची, सिमेंटनं बंद न करता. दर तीन फुटांवर बोटभर फट ठेवा.

प्रेसमड ताजी असेल तर अजिबात नको. ती तापते, वास मारते, मुळं भाजते. बाजूला ढीग करा, ओलसर ठेवा, पंधरा दिवसांनी उलथा. तीन-चार महिन्यांत काळी, मातीच्या वासाची, हाताला गार लागेल तेव्हा शेणखताच्या निम्म्या जागी वापरा. यंदा जूनची लावणी धरायची असेल तर शेणखतच आणा.

चुनखडीसाठी लाल मातीची चौकशी नीट करा. लाल दिसते ती सगळी पन्हाळा-शाहूवाडीकडची नसते, रंगीत मुरूम चाळून विकतात. तिच्यावरही व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर परत पाठवा. आणि वाफ्याला बोअरचं पाणी देणार असाल तर जड पाण्यानं चुना हळूहळू पुन्हा वर चढतो. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

पागोळी

एक राहिलं. सावलीचा ओला वाफा म्हणजे शंखी गोगलगायींचं माहेर. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्या बाहेर पडतात आणि सोनटक्क्याचे कोंब, भुईचाफ्याची कोवळी पानं एका रात्रीत साफ करतात. गोणपाटाचे तुकडे गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला टाका. सकाळी उन्हं वर यायच्या आत उचला, खाली गोळा झालेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे घाला, मुलाला त्या उचलू देऊ नका. मीठ वाफ्यात शिंपडू नका, झाडंच जातील.

दुकानात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या देतात. कुत्रा आहे त्या घरात त्या नकोत, कुत्री त्या चवीनं खातात आणि दगावतात.

मोहोर

पागोळीताई, बरोबर. त्यात एक भर: अंडी पांढरट-पिवळी, साबुदाण्यापेक्षा जराशी मोठी, मातीत इंच-दीड इंचावर घोळक्यानं सापडतात. पाचट किंवा पालापाचोळा जूनमध्ये खोडालगत जाड ठेवला की तिथंच घालतात. पावसाळाभर आच्छादन इंचभरच ठेवा आणि सप्टेंबरअखेर पुन्हा तीन इंच करा.